फोटो आहे, पण शोधल्यावर येत नाही: कुठून तपासायला लागायचं?

किल्ले, लेणी, बारवा (पायऱ्यांच्या विहिरी), वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड) यांचे फोटो जमवणारी बरीच मंडळं आहेत. त्यांचे ऑनलाइन संग्रह निस्तरायचं काम फिरून फिरून माझ्याकडे येतं, आणि तक्रार दर वेळी तीच असते: ‘फोटो आपल्याकडे आहे, मीच अपलोड केलाय, पण शब्द टाकला की येत नाही.’ जुलै २०२५ मध्ये साल्हेरपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंतचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. तेव्हापासून शाळा, स्मरणिकावाले, गावातले उत्साही लोक असे सगळेच फोटो मागायला लागलेत आणि ही तक्रारही त्यामुळे जास्त ऐकू येते.

शोधपेटी बिघडलेली क्वचितच असते. ती फक्त अक्षरं जुळवते. एक तर तो शब्द फोटोला चिकटलेलाच नसतो, नाहीतर चिकटलेला असतो पण तुम्ही टाइप करताय त्या रूपात नसतो. यातलं नेमकं काय झालंय हे आधी ठरवायचं. ते न ठरवता दहा हजार फोटोंना नव्याने कीवर्ड (फोटोला जोडायचे शोधशब्द) द्यायला बसणं म्हणजे निव्वळ हमाली.

लक्षणं

यातलं तुमच्याकडे काय दिसतंय ते बघा. एकाहून जास्त गोष्टी एकदम दिसू शकतात.

- फोटो समोर उघडा आहे, त्याखाली ‘पायऱ्या’ हा कीवर्डही दिसतोय, पण ‘पायऱ्या’ शोधलं की शून्य निकाल.
- मराठीत शोधलं की फोटोंचा एक गठ्ठा येतो, इंग्रजीत शोधलं की दुसराच. दोन्हींत सामाईक फोटो जवळजवळ नाहीतच.
- घरच्या कॉम्प्युटरवर सगळे कीवर्ड दिसतात, पण अपलोड केल्यावर किंवा दुसऱ्याला पाठवल्यावर गायब.
- ‘रायगड’च्या जागी डोक्यावर टोप्या-टिंबं घेतलेली रोमन अक्षरं दिसतात, किंवा नुसती प्रश्नचिन्हं.
- लांब कीवर्ड मध्येच तुटलेला. ‘छत्रपती संभाजीनगर जिल्’ आणि पुढे काहीच नाही.
- किल्ला शोधला की समुद्रकिनारा, एसटी स्टँड आणि कुणाच्या तरी लग्नाचे फोटो येतात.

काहीही बदलण्याआधी, वेगवेगळ्या काळातले आणि वेगवेगळ्या लोकांनी काढलेले दहा-पंधरा फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करून घ्या. पुढचे सगळे प्रयोग त्यांच्यावर करा. मूळ संग्रहाची दुसऱ्या डिस्कवर प्रत नसेल तर आज ती करा, बाकीचं उद्या.

१. आधी शोधपेटी

यात हसण्यासारखं काही नाही, निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. आधीचा फिल्टर चालू राहिलेला असतो: ‘फक्त २०१८’, ‘फक्त पाच तारेवाले’, ‘फक्त व्हिडिओ’. किंवा तुम्ही एकाच अल्बमच्या आत उभं राहून शोधत असता. किंवा मंडळाचं खातं आणि स्वतःचं खातं अशी दोन खाती एकाच ब्राउझरमध्ये उघडी असतात आणि शोध भलत्याच खात्यात चाललेला असतो. फोटो तासाभरापूर्वी अपलोड केला असेल तर उद्या सकाळी पुन्हा शोधा. साइटला नव्या फोटोंची नोंद करायला वेळ लागू शकतो.

हे सगळं ठीक असेल तर पुढची चाचणी करा. पैसे लागत नाहीत, अर्धा मिनिट लागतो, आणि पुढची दिशा तीच ठरवते. सापडत नसलेला फोटो उघडा. त्याच्या कीवर्डमधला शब्द टाइप न करता कॉपी करा, शोधपेटीत पेस्ट करा आणि शोधा.

पेस्ट केल्यावर फोटो आला, टाइप केल्यावर आला नाही, तर दोष शब्दाच्या रूपात आहे. थेट चौथ्या तपासणीकडे जा. पेस्ट करूनही आला नाही, तर शब्द शोधयंत्रापर्यंत पोचलेलाच नाही. मग दुसरी, तिसरी आणि पाचवी तपासणी बघा.

२. दोन शब्दांच्या मध्ये काय आहे

विंडोजच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टॅग्ज’चा, म्हणजे कीवर्डचाच, रकाना असतो. तिथे दोन टॅग अर्धविरामाने वेगळे होतात. लाइटरूम या फोटो सांभाळायच्या प्रोग्राममध्ये स्वल्पविरामाने. लाइटरूमच्या सवयीने कुणी विंडोजमध्ये ‘रायगड, पाऊस, धुकं’ असं लिहिलं की तीन टॅग होत नाहीत, स्वल्पविरामासकट एकच लांबलचक टॅग होतो. पूर्ण शब्द जुळवणाऱ्या शोधाला ‘पाऊस’ मग सापडत नाही.

ओळखायला सोपं आहे. कीवर्डची यादी उघडा. एका ओळीत वाक्यच्या वाक्य दिसत असेल तर हाच प्रकार. वर्डमधून किंवा पीडीएफमधून कॉपी केलेल्या शब्दांना मागे-पुढे न दिसणारी मोकळी जागाही चिकटून येते. यादीत ‘बुरूज’ दोनदा दिसला आणि दोन्ही अगदी सारखे वाटले, तर एकाच्या शेपटीला बहुधा स्पेस आहे.

३. इंडेक्स

हे फक्त विंडोजमधून फोल्डर शोधणाऱ्यांसाठी. विंडोजचा शोध मुळात तुमच्या युजर फोल्डरांची नोंद (इंडेक्स) ठेवतो. फोटो मात्र बहुतेकांचे ‘डी’ ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर असतात. ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ उघडा, ‘मॉडिफाय’मध्ये जाऊन त्या फोल्डरवर खूण करा. आधीच खूण असेल तर ‘ॲडव्हान्स्ड’मधून ‘रिबिल्ड’ करा आणि मशीन रात्रभर चालू ठेवा. रिबिल्ड केल्याने फोटोंना धक्का लागत नाही, फक्त विंडोजची वही नव्याने लिहिली जाते. विंडोजला पीएनजी फाइलमध्ये टॅग लिहिता येत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. स्क्रीनशॉट आणि काही स्कॅन पीएनजी असतात. ‘टॅगचा रकानाच उघडत नाही’ म्हणणाऱ्यांची फाइल पाहिली की बहुधा हेच निघतं.

४. शब्द तोच, रूप वेगळं

इथे वेळ द्या. मराठी संग्रहांतली खरी गोम इथेच आहे, आणि इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शकांत यातलं काही सापडत नाही.

*विभक्ती.* एकाने ‘बुरूज’ लिहिलं, दुसऱ्याने ‘बुरुजावरून दिसणारा देखावा’, तिसऱ्याने ‘बुरुजांची रांग’. वाचणाऱ्याला तिन्ही एकच. शोधयंत्राला नाही, कारण मूळ शब्दात रू दीर्घ आहे आणि पुढे प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो. ‘विहीर’ आणि ‘विहिरीत’, ‘मूर्ती’ आणि ‘मूर्तींचा’, ‘किल्ला’, ‘किल्ले’, ‘किल्ल्यावर’, सगळीकडे हीच अडचण. तात्पुरता उपाय म्हणून सगळ्या रूपांत न बदलणारा तुकडा शोधा: ‘किल्ल’ टाकलं तर तिन्ही येतील, पण साइट अर्धा शब्द जुळवत असेल तरच. ‘विहीर’चा असा तुकडा ‘विह’पेक्षा लांब निघतच नाही. म्हणून कायमचा नियम असा: कीवर्ड नेहमी प्रत्ययाशिवाय, एकवचनात. अपवाद फक्त जे शब्द आपण बोलतानाही अनेकवचनातच वापरतो त्यांचा, जसं ‘लेणी’, ‘पायऱ्या’.

*पायऱ्यांचा घोळ.* हा शब्द तीन प्रकारे साठवलेला सापडतो. पहिला ‘पायऱ्या’, ज्यात टिंब असलेला ऱ आहे, त्याला हलन्त आणि मग या. दुसरा ‘पायर्‍या’, ज्यात साधा र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग या. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. तिसरा ‘पायर्या’: दुसऱ्या प्रकारातलं ते न दिसणारं चिन्ह मधल्या कुठल्या तरी साइटने काढून टाकलं की हे उरतं, र डोक्यावर रफार होऊन बसतो. बातम्यांच्या साइटवर ‘शेतकर्यांना’ वाचलंय ना, ते हेच.

नुसतं पाहून पहिले दोन ओळखता येत नाहीत. नोटपॅडमध्ये शब्द पेस्ट करा, कर्सर शेवटी ठेवा आणि बॅकस्पेस एकेक दाबत मागे या. ‘पाय’च्या पुढे शेवटी ऱ उरला, खाली टिंब असलेला, तर पहिला प्रकार. साधा र उरला तर दुसरा. मी सगळीकडे पहिला प्रकार ठेवतो, कारण त्यात हरवण्यासारखं अदृश्य काही नाही. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर हा ऱ शिफ्टसकट ‘जे’च्या बटणावर आहे. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये (आजच्या सर्वमान्य लिपिसंकेतात) आणलेल्या मजकुरात दुसरा प्रकार अनेकदा असतो, त्यामुळे अशा संग्रहात दऱ्या, पायऱ्या, वारकऱ्यांचे फोटो सगळे एकदम ‘हरवतात’ आणि लोक डिस्कला दोष देतात.

असंच जोडपं ‘ॲ’ आणि ‘अॅ’ यांचं. एक अख्खं अक्षर आहे, दुसरं अ वर चंद्र ठेवून केलेलं. ‘ॲम्फिथिएटर’सारख्या शब्दात घोळ होतो. आणि ‘शृंगार’ लिहायच्या जागी ‘श्रृंगार’ लिहिणारे लोक आहेत तोवर शृंगारपूरचे फोटो दोन गठ्ठ्यांत राहणार.

*आकडे.* २०१९ हे देवनागरी आकड्यांत लिहिलंय की रोमन, हे बघा. काही शोधयंत्रं दोन्ही एकच धरतात, काही धरत नाहीत. कीवर्डमध्ये एकच पद्धत ठेवा. माझं मत रोमन आकड्यांच्या बाजूने आहे. मराठीचं प्रेम म्हणून कुणाला ते पटत नाही, पण फोनवर शोधणारा माणूस आकडे बहुधा रोमनच टाकतो.

*गावांची नावं.* २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, आणि २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. वेरूळ-अजिंठ्याचे २०२३ आधीचे सगळे फोटो जुन्या नावाखाली, नंतरचे नव्या नावाखाली. कोणतं नाव योग्य हा वाद इथे घालू नका. फोटोला दोन्ही लावा. जुनं पुस्तक वाचून शोधणारा जुनं नाव टाकेल, शाळकरी मुलगा नवं.

किल्ल्यांना तर दोन-दोन नावं मुळातच आहेत. सिंहगड आणि कोंढाणा, तोरणा आणि प्रचंडगड, विशाळगड आणि खेळणा. जिंजीला स्थानिक लोक सेंजी म्हणतात. रोमन लिपीत रायगडच्या शेवटी ‘डी’ लिहायचा की ‘आरएच’ यावर पुस्तकांचंच एकमत नाही, त्यामुळे इंग्रजी कीवर्ड देत असाल तर दोन्ही स्पेलिंगं द्या.

उलट प्रकारही आहे: एकच नाव, जागा अनेक. रायगड हा किल्ला आहे आणि जिल्हाही. अलिबागच्या किनाऱ्याला कुणी नुसतं ‘रायगड’ लावलं की तो टकमक टोकाच्या शेजारी येऊन बसतो. त्या जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं. आता ‘कुलाबा’ म्हटलं की जुना जिल्हा, अलिबागचा पाणकोट (समुद्रातला किल्ला) आणि मुंबईतला भाग, असे तिघे एकदम हजर होतात. इलाज सोपा: नाव एकटं सोडायचं नाही. ‘रायगड किल्ला’, ‘रायगड जिल्हा’, ‘कुलाबा किल्ला’, ‘कुलाबा मुंबई’.

यासाठी एक तक्ता करा. साधी स्प्रेडशीट पुरते. पहिल्या रकान्यात ठरलेला शब्द, दुसऱ्यात पर्यायी नावं, तिसऱ्यात रोमन स्पेलिंग, चौथ्यात ‘हे लिहू नका’. तक्ता सगळ्यांना वाचता यावा, पण बदल एकाच माणसाला करता यावा. सगळ्यांना बदल करायची मुभा दिली की महिन्याभरात ‘तटबंदी’, ‘तट’, ‘तटभिंत’ अशी पिल्लावळ परत सुरू होते. लाइटरूम क्लासिकमध्ये प्रत्येक कीवर्डला समानार्थी शब्द जोडायची सोय आहे. फोटो एक्स्पोर्ट करताना ते शब्दही सोबत जातील असं ठरवता येतं. ज्यांच्याकडे ते आहे त्यांचे कष्ट वाचतील.

कीवर्ड आणि वर्णन यांतला फरकही इथेच लावून टाका. माझ्याकडे आलेल्या एका वीरगळाच्या फोटोला एकच कीवर्ड होता: ‘गावाबाहेरील देवळाजवळचे सुंदर वीरगळ’. हे वाक्य वर्णनाच्या रकान्यात जायला हवं. कीवर्ड म्हणून मग हे आले: वीरगळ, मंदिर, गाव, तालुका, जिल्हा, वर्ष. फोटो मोठा करून पाहिला तर खालच्या पट्टीत लढाईशेजारी गायी कोरलेल्या होत्या, म्हणजे गोधन राखताना पडलेला वीर. मधल्या पट्टीत अप्सरा त्याला नेताहेत, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर सूर्य आणि चंद्र. ‘गायी’, ‘शिवलिंग’, ‘सूर्यचंद्र’ हे तीन शब्द आणखी लावले. अभ्यासक शोधतात ते हे शब्द. ‘सुंदर’ कुणीच शोधत नाही.

यंत्र आपोआप ओळखेल या भरवशावर राहू नका. फोटोत मंदिर आहे, डोंगर आहे, माणसं आहेत एवढं ते बरं ओळखतं. वीरगळ कुठला आणि कोपरातून वळलेला बांगड्यांचा हात असलेली सतीशिळा कुठली, हे सांगायला माणूस लागतो.

५. शब्द फोटोत आहे की प्रोग्रामच्या वहीत

कॉपी-पेस्टनेही फोटो आला नाही, तर ही चाचणी करा. एक फोटो पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्याच कॉम्प्युटरवर, दुसऱ्याच प्रोग्राममध्ये उघडा. कीवर्ड दिसले तर ते फाइलच्या आत आहेत. नाही दिसले तर ते पहिल्या प्रोग्रामच्या स्वतःच्या वहीत आहेत आणि फोटो हलला की मागेच राहतात.

लाइटरूम क्लासिक कीवर्ड आपल्या कॅटलॉगमध्ये ठेवतं. बदल फाइलमध्ये आपोआप लिहायची सेटिंग मुळात बंद असते. फोटो निवडून कंट्रोल-एस दाबलं की ते फाइलमध्ये जातात. डिजिकॅम या तशाच प्रोग्राममध्ये मेटाडेटाच्या (फोटोसोबतच्या माहितीच्या) सेटिंगमध्ये जाऊन टॅग फोटोत लिहायची खूण आहे का ते पाहा. रॉ (कॅमेऱ्यातून प्रक्रिया न होता आलेल्या) फोटोंच्या बाबतीत कीवर्ड शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये असतात. फोल्डर साफ करताना ‘ही कसली फाइल’ म्हणून ती उडवली जाते, किंवा नुसत्या रॉ फायली दुसरीकडे हलवल्या जातात.

जुन्या संग्रहांत पिकासा हा फोटो लावायचा प्रोग्राम हमखास निघतो. गूगलने तो २०१६ मध्ये बंद केला. त्यातली चेहऱ्यांची नावं आणि अल्बमची माहिती बरेचदा फोटोत नसते. प्रत्येक फोल्डरमध्ये दडवून ठेवलेल्या ‘पिकासा डॉट आयएनआय’ या फाइलमध्ये आणि प्रोग्रामच्या इतर फायलींत असते. दडवलेल्या फायली दाखवायची सेटिंग चालू केल्याशिवाय ती फाइल दिसत नाही, पण ती पुसू नका.

गूगल फोटोजमध्ये कीवर्डचा वेगळा रकाना नाही. शोधायचे शब्द वर्णनात लिहावे लागतात. आणि तिथे लिहिलेलं वर्णन ‘टेकआउट’ या गूगलच्या सोयीने सगळं उतरवून घेताना फोटोच्या आत येत नाही, शेजारच्या जेसॉन फाइलमध्ये येतं. जागा वाचवायला जेसॉन पुसणाऱ्यांची वर्षांची मेहनत एका डिलीटमध्ये जाते.

फ्लिकर ही फोटो ठेवायची साइट फाइलमधले कीवर्ड स्वतःहून टॅग म्हणून उचलते, पण एका फोटोला ७५ टॅगांची मर्यादा आहे. प्रत्येक नावाची सगळी स्पेलिंगं लावायच्या उत्साहात तेवढी गाठली जाऊ शकते, म्हणून महत्त्वाचे शब्द आधी लिहा.

६. फोटो कुठल्या वाटेने आला

व्हॉट्सॲपवर फोटो ‘फोटो’ म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि आतली माहिती, कीवर्ड, कॅमेऱ्याची तारीख, जागा, सगळं झडतं. फाइलच्या नावात ‘डब्ल्यूए’ आणि पुढे आकडे असतील तर तो असाच आलेला आहे. नावातली तारीख फोटो काढल्याची नसते. अशा फोटोला कीवर्ड परत द्यायच्या आधी मूळ फाइल मिळते का बघा. पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ एवढंच सांगितलं तरी पुढचं बरंच काम वाचतं.

तारखांचं थोडक्यात. स्कॅन केलेल्या फोटोवर स्कॅनची तारीख असते, आणि बॅटरी पूर्ण उतरलेल्या कॅमेऱ्याचं घड्याळ भलत्याच वर्षाला जाऊन बसतं. वर्षाने शोधायचं असेल तर वर्ष कीवर्डमध्येच लिहा.

७. अक्षरांचा खिचडा आणि तुटलेले शब्द

फोटोत कीवर्ड ठेवायच्या दोन जागा आहेत. एक जुनी, बातम्यांच्या एजन्सींसाठी केलेली आयपीटीसीची, आणि दुसरी २००१ मध्ये आलेली एक्सएमपी. जुन्या जागेत एका कीवर्डला ६४ बाइट मिळतात. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन, आणि काना-वेलांटी-हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे मराठी कीवर्डला जेमतेम २१ खुणा. ‘छत्रपती संभाजीनगर’ ४९ बाइटमध्ये बसतं. त्याला ‘जिल्हा’ जोडला की ६८ होतात, आणि ‘जिल्’वर कात्री लागते. लक्षणांत लिहिलेला तुटका शब्द तो हा. लांब नावं असतील तर शहर आणि जिल्हा हे दोन वेगळे कीवर्ड करा.

टोपीवाली अक्षरं दिसतात त्याचं कारण वेगळं. जुन्या जागेत मजकूर कुठल्या लिपिसंकेतात आहे हे सांगणारी एक खूण असते. ती नसली की वाचणारा प्रोग्राम युनिकोड मराठीला युरोपीय अक्षरं समजून वाचतो. मजकूर आत शाबूत असतो, वाचन चुकतं. एक्झिफटूल या मोफत प्रोग्रामने ती खूण लावता येते. तो मूळ फाइल बाजूला राखून बदल करतो, पण तरी आधी त्या दहा-पंधरा फोटोंवरच चालवा आणि ते दोन वेगळ्या प्रोग्राममध्ये उघडून वाचा. प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मात्र मूळ अक्षरं गेलेली असतात. ती परत आणता येत नाहीत, जुनी प्रत शोधावी लागते.

चौथ्या तपासणीतल्या दुरुस्त्या एकगठ्ठा करायच्या तर त्याही याच टप्प्यावर. लाइटरूम किंवा डिजिकॅममध्ये टॅगचं नाव एकदा बदललं की तो लावलेल्या सगळ्या फोटोंवर बदलतं. ‘पायर्या’ला ‘पायऱ्या’त मिसळा, बदल फाइलमध्ये लिहिले गेले याची खात्री करा, मग पुन्हा अपलोड करा. ऑनलाइन प्रतीवर एकेक फोटो उघडून दुरुस्त करू नका. पुढच्या अपलोडला जुनी चूक परत येईल.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

डिस्कमधून टकटक आवाज येतोय, किंवा काही फोल्डर उघडताना मशीन मिनिटभर अडकतं: कीवर्डचा विषय सोडा, डिस्क बंद करा. डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. ‘आधी एवढी कॉपी होऊ दे’ म्हणत चालू ठेवलेली डिस्क तेवढ्यात कायमची जाऊ शकते.

लाइटरूमचा कॅटलॉग किंवा डिजिकॅमचा डेटाबेस उघडतच नसेल तर त्याची प्रत काढा आणि दुरुस्ती त्या प्रतीवरच. एकदा प्रयत्न करून जमलं नाही तर जाणकाराला द्या.

माहिती श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा जुन्या फाँटांत टाइप केलेली असेल तर ती आत मुळात रोमन खुणांची असते, शोधून मिळणार नाही. शंभरेक ओळी असतील तर हाताने पुन्हा टाइप करा. हजारो असतील तर तोच फाँट माहीत असलेल्या डीटीपीवाल्याकडून रूपांतर करून घ्या आणि नंतर मुद्रितशोधन करून घ्या. ऑनलाइन मिळणारे रूपांतरक जोडाक्षरांत आणि र्‍य-ऱ्यमध्ये गडबड करतात, आणि ती चूक एकदम सगळ्या संग्रहात पसरते.

संग्रहात काचेच्या निगेटिव्ह किंवा एखाद्या संस्थेचे दाखल क्रमांक पडलेले जुने प्रिंट असतील तर ते क्रमांक कीवर्डसाठी बदलू नका. ग्रंथपाल किंवा अभिलेखपालाला विचारा. वस्तू म्हणजे काय हेच ठरत नसेल, शिल्प शरभाचं (सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं) की सिंहाचं, तर अंदाजाने शब्द लावू नका. ‘ओळख बाकी’ असा कीवर्ड द्या आणि मूर्तिशास्त्र जाणणाऱ्याला ते सगळे एकदम दाखवा.

खातंच बंद झालं असेल तर कंपनीच्या अधिकृत पानावरूनच अर्ज करा. ‘खातं उघडून देतो’ म्हणून फोनवर ओटीपी मागणाऱ्याला काहीही सांगू नका.

मदत मागताना चार गोष्टी पाठवा: सापडत नसलेला एक मूळ फोटो, डॉक्युमेंट म्हणून; शोधलेला शब्द कॉपी करून, नव्याने टाइप करून नाही; शोधाच्या निकालाचा स्क्रीनशॉट; आणि कीवर्ड कुठल्या प्रोग्रामात, साधारण कोणत्या वर्षी दिले ते. एवढं असलं तर समोरच्याला पहिले चार फोन करावे लागत नाहीत.